उंट पुस्तकात राहू द्या, आधी टिटवी दाखवा : सोलापूर जिल्ह्यातील विज्ञान शिक्षकांना खुले पत्र

माझ्या शिक्षक मित्र-मैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

माझी नात सातवीत आहे. परवा शाळेतून आली ती पाठीवरचे दप्तरही न काढता थेट माझ्यापुढे उभी राहिली आणि चाचणीचा पेपर हातात दिला. प्रश्न चार गुणांचा होता : ‘प्राण्यांमधील अनुकूलनाची कोणतीही दोन उदाहरणे स्पष्ट करा.’ तिने एक टिटवी लिहिली होती आणि दुसरा, पहिल्या पावसात जमिनीतून वर येणारा बेडूक. दोन्ही तिने सुट्टीत गावाकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले. टिटवीची अंडी खड्यांसारखी दिसतात, ती उघड्या जमिनीवर असतात, आई पोट भिजवून येऊन त्यांच्यावर बसते, असे सगळे तिने सहा-सात ओळींत नीट मांडले होते. शेजारी लाल शाईत शेरा होता, ‘पुस्तकातील उदाहरणे लिहावीत.’ गुण चारपैकी एक.

तिने मला विचारले, “आजी, टिटवीला अनुकूलन नसतं का गं?”

शाळेचे नाव मी घेणार नाही. त्या शिक्षकांवर माझा रागही नाही. बत्तीस वर्षे मी याच जिल्ह्यात खडू हातात धरला आहे, मोहोळ आणि उत्तर सोलापूर तालुक्यातल्या खेड्यांत. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, पेपरांचे गठ्ठे, माहिती भरायचे तक्ते, वरून येणारी पत्रे हे सारे मला ठाऊक आहे. तपासताना उत्तरपत्रिकेत उंट, ध्रुवीय अस्वल, मासा आणि बदक शोधायची डोळ्यांना सवय लागते. पण त्या पोरीचा प्रश्न माझ्या मनातून जाईना. म्हणून हे पत्र.

सामान्य विज्ञानाचा सातवीचा पहिलाच धडा अनुकूलनाचा आहे. दहावीला विज्ञानाच्या दुसऱ्या भागाची सुरुवातच आनुवंशिकता आणि उत्क्रांतीने होते. केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळला, तेव्हा 2023 मध्ये देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून तो परत घालण्याची मागणी केली होती. आपल्या राज्यात तो धडा आहे. मग तो आपण कसा शिकवतो, याकडे आपणच पाहायला हवे.

माझ्याकडून चूक झाली ती आधी सांगते. नोकरीची पहिली अनेक वर्षे मी फळ्यावर लिहीत होते, ‘वाळवंटात पाणी मिळत नाही, म्हणून उंटाला कुबड आले.’ मुले उतरवून घेत, पाठ करत, गुण मिळवत. 2003च्या दुष्काळात, छावण्या पडल्या होत्या त्या दिवसांत, वर्गात एक मेंढपाळाचा मुलगा होता. वर्षातले चार महिने तो कळपामागे असायचा, त्यामुळे हजेरी कमी आणि मागच्या बाकावर जागा. तो उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, आमच्या मेंढरांनाबी दोन वर्सं पाणी नाही. मग त्यांना का कुबड येईना?”

मला उत्तर देता आले नाही. कुबडात पाणी नसते, चरबी असते, एवढे सांगून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न चरबीचा नव्हताच. गरज पडली की अंग बदलते असे मीच त्याला शिकवले होते, आणि त्याच्या कळपात ते घडताना त्याला दिसत नव्हते. तो खरे पाहत होता आणि मी चुकीचे शिकवत होते.

त्या दिवसापासून मी दोन शब्दांवर नजर ठेवायला शिकले : ‘साठी’ आणि ‘म्हणून’. आपल्या धड्यांत, गाइडांत, आपल्या बोलण्यात हे दोन शब्द सगळीकडे असतात. शेळ्यांपासून वाचण्यासाठी बाभळीला काटे आले. शत्रूला दिसू नये म्हणून नाकतोडा हिरवा झाला. मराठीत हे इतके सहज येते की त्यात काही खटकतही नाही. पण बाभळीला शेळी ठाऊक नाही. नाकतोड्याने कधी आपला रंग पाहिलेला नाही. ‘साठी’ म्हटले की कुणीतरी ठरवले असे होते, आणि ‘म्हणून’ म्हटले की गरज हेच कारण होते. उत्क्रांतीत ठरवणारा कुणी नसतो आणि गरज हे कारण नसते. कारण असते ते आधीपासूनचे वेगळेपण. हजारो बाभळींत काहींना काटे जरा जास्त, काहींना जरा कमी. शेळ्या, हरणे जिथे कमी काटे तिथे जास्त तोंड घालतात. जास्त काटेवाल्या झाडांच्या शेंगा जास्त धरतात, त्यांचे बी जास्त पडते, आणि त्या बियांतून येणारी झाडेही आईसारखीच काटेरी निघतात. असे हजारो पिढ्या. बस्, एवढेच.

दुसरी गफलत ‘जुळवून घेणे’ या शब्दाची. सासरी आलेली मुलगी जुळवून घेते. पुण्याला गेलेला पोरगा तिथल्या गारठ्याशी जुळवून घेतो. मे महिन्यात सोलापूरकराच्या अंगाला ऊन सोसते, पाहुण्याला सोसत नाही. हे सगळे एका जिवाच्या एका आयुष्यातले आहे, आणि ते पोटच्या पोराला वारशात मिळत नाही. अनुकूलन म्हणजे हे नव्हे. अनुकूलनात एकेकटा जीव बदलत नाही, पिढ्यांमधले प्रमाण बदलते. मुलांना हा फरक तोंडी सांगून कळत नाही. माझा अनुभव सांगते, कशाने कळतो.

पावशेर ज्वारी आणि पावशेर उडीद घ्या. शाळेजवळच्या एखाद्या काळ्या रानात, नांगरून ढेकळे फुटलेल्या जागी, दोरीने चौकोन आखा. मोजून पन्नास दाणे ज्वारीचे, पन्नास उडदाचे विस्कटून टाका. चार मुले घारी. प्रत्येकाने अर्धा मिनिट एकेक दाणा उचलायचा, मूठ भरायची नाही. मग उरलेले दाणे शोधून मोजायचे आणि प्रत्येकाला एक पिल्लू द्यायचे : ज्वारीच्या एका दाण्यामागे ज्वारीचा एक, उडदामागे उडदाचा एक. पुन्हा विस्कटा, पुन्हा घारी सोडा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत ज्वारी बोटांवर मोजण्याइतकी उरते आणि उडीद रानभर होतो. तोच खेळ पांढरट चुनखडीच्या किंवा मुरमाड जमिनीवर खेळा, निकाल उलटा लागायला लागतो.

आणि मग मुलांना फक्त एक प्रश्न विचारा. यातल्या कुठल्या दाण्याने आपला रंग बदलला का?

माझ्या वर्गात या प्रश्नानंतर जी शांतता पसरायची, ती मी बत्तीस वर्षांत दुसऱ्या कशाने आणू शकले नाही. एकाही दाण्याने रंग बदलला नाही. एकाही दाण्याला काही वाटले नाही, कळले नाही. तरीही रान पांढऱ्याचे काळे झाले. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात, ही व्याख्या मग फळ्यावर लिहायची. आधी नाही.

आता ‘निवड’ हा शब्द. तो आपल्या मुलांना घरातूनच येतो, हे आपण विसरतो. सुगीत आजोबा कणसे खुडायच्या आधी रानात फिरून भरदार, गच्च, निरोगी कणसे बियाण्याला वेगळी काढतात, हे शेतकऱ्याच्या पोराने पाहिलेले असते. आपली मालदांडी ज्वारी अशाच वेचणीतून आली. 1930च्या दशकात मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवड करून ‘एम 35-1’ हे वाण काढले गेले, आणि ते आजही रब्बीत पेरले जाते. हस्ताच्या पावसाची ओल काळ्या मातीत धरून ठेवलेली असते, तिच्यावर पाभर चालते आणि पुढे थेंब पडला नाही तरी कणीस भरते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते काही उगाच नव्हे.

हे पीक अनुकूलनाचा अख्खा धडा आहे. मुलांना ज्वारीच्या दांड्यावरून बोट फिरवायला सांगा, बोटाला पांढरी भुकटी लागते. ते मेण आहे, त्याने पाणी उडून जाणे कमी होते. दुपारी दोन वाजता ताणावर आलेल्या रानात न्या, पाने सुरळीसारखी वळलेली दिसतील, संध्याकाळी तीच उघडतील. मुळे खोल ओलीपर्यंत उतरतात. पाणी तुटले तर झाड वाढ थांबवून थबकते, ओल मिळाली की पुन्हा चालू लागते. कोवळी, खुरटलेली ज्वारी गुराने खाल्ली तर विषबाधा होते, हे तर घराघरात माहीत आहे. तेही त्या झाडाचे संरक्षणच. ज्वारी मुळात आफ्रिकेतली. तिथल्या कोरड्या प्रदेशाने तिला घडवली आणि नंतर हजारो वर्षे शेतकऱ्यांच्या हातांनी वेचली. डार्विनने 1859 मध्ये आपला सिद्धान्त मांडताना सुरुवात पाळीव कबुतरांपासून केली होती, म्हणजे माणसाने केलेल्या निवडीपासून. कारण वाचकाला ती आधीच ठाऊक होती. आपल्या मुलांना बियाण्याचे कणीस ठाऊक आहे. तिथून सुरुवात करा. एकच फरक सांगायचा : माळावर वेचणारा शेतकरी नसतो. तिथे वेचते ती घार, लांडगा, दुष्काळ, वणवा.

माळाचे नाव निघाले आहे, तर कुसळी गवताबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

पावसाळा सरला की नान्नजच्या, वडाळ्याच्या बाजूला माळ पिवळा पडतो आणि त्यातून चालून आले की धोतराच्या काठाला, सलवारीला, मोज्यांना कुसळे लागतात. घरी येऊन ती उपटत बसणे हे आपल्याकडच्या प्रत्येक मुलाने केलेले काम आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आपण म्हणीत रोज काढतो, पण हातात धरून कधी पाहत नाही. पाहा. एका टोकाला टणक, सुईसारखे बी. त्याच्या टोकावर मागे वळलेले बारीक केस. मागे बोटभर लांब तपकिरी शेपूट, दोरीसारखी पीळ घातलेली आणि मध्येच गुडघ्यासारखी वाकलेली. आता तळहातावर दोन थेंब पाणी घ्या आणि शेपूट त्यात ठेवा.

ती फिरू लागते.

सावकाश, पण डोळ्याला दिसेल अशी. पीळ सुटत जातो आणि वाकलेले टोक घड्याळाच्या काट्यासारखे गोल फिरते. पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा एका मुलीने ओल्या मुठीत कुसळ धरले आणि किंचाळून टाकून दिले, “बाई, किडा आहे, वळवळतोय!” किडा नव्हता. ती शेपूट मेलेली आहे, तिच्यात जीव नाही. तिच्यातल्या पेशींच्या भिंती ओलाव्याने फुगतात आणि सुकल्यावर आकसतात, आणि त्या तिरप्या रचलेल्या असल्याने पीळ सुटतो नि पुन्हा पडतो. रात्रीच्या दवाने पीळ सुटला, दुपारच्या उन्हाने पडला. दर वेळी बी थोडे फिरते. मागे वळलेले केस त्याला पुढेच जाऊ देतात, मागे सरकू देत नाहीत. दिवसागणिक ते गिरमिटासारखे जमिनीत उतरते. वरून वणवा गेला तरी खाली बी सुरक्षित. उन्हाळ्यात माळ जळून काळा झालेला पाहिला की सगळे संपले असे वाटते, आणि पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत तोच माळ हिरवा. गवताचे वाढीचे टोक जमिनीलगत असते, त्यामुळे वरून गुराने खाल्ले, कापले, जळले तरी बुडातून फुटवा येतो. झाडाचा शेंडा खुडला तर शेंडा जातो, गवताचा जात नाही.

मेंढपाळाला हे कुसळ सुखाचे नाही. लोकरीत शिरते, कातड्यात रुतते, जखमा होतात. त्या मागच्या बाकावरच्या मुलाने मला मेंढीच्या मानेवरची जखम दाखवली होती. कुसळाला मेंढी आणि माती यातला भेद कळत नाही. जिथे केस आणि फटी मिळतील तिथे ते शिरते. हेही मुलांना सांगायला हवे, कारण अनुकूलन म्हणजे सगळ्यांच्या भल्यासाठी केलेली सुंदर व्यवस्था, असा एक गोड गैरसमज आपण नकळत पेरतो.

आता टिटवी. माझ्या नातीचे अर्धे उत्तर. टिटवी रात्री ओरडली की अशुभ, टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, एवढे आपण तिच्याबद्दल बोलतो. पण एप्रिल-मे महिन्यात, सोलापुरात पारा 42-43 वर असताना, जमिनीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही तेव्हा ती उघड्या रानात अंडी उबवते. उबवते कसली, थंड ठेवते. घरटे म्हणजे खड्यांमध्ये केलेला उथळ खळगा. साधारण चार अंडी, निमुळती टोके आतल्या बाजूला. मातकट रंगावर काळे-तपकिरी डाग. मी एकदा दोन हातांच्या अंतरावर उभी राहूनही मला ती दिसली नव्हती, शेजारच्या गुराख्याने काठीने दाखवली. नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर सावली धरून उभे राहतात, आणि जवळ पाणी असेल तर छाती-पोटाची पिसे भिजवून येतात आणि तो ओलावा अंड्यांना देतात. कुत्रे जवळ आले तर आरडाओरडा करून त्याला दुसरीकडे ओढून नेतात. पिल्ले अंड्यातून बाहेर येतात तीच पायांवर उभी राहणारी. आईने हाक दिली की जागच्या जागी दबून बसतात आणि माती होऊन जातात.

पखुर्डी या माळावरच्या पक्ष्याचे नर तर याहून पुढे. या कुळातले नर पाणवठ्यावर पोट बुडवतात आणि पिसांत धरलेले पाणी दूर माळावर पिल्लांपर्यंत नेतात, पिल्ले ती पिसे चोखतात. अंड्यात वाढणाऱ्या जिवाला आणि नुकत्या फुटलेल्या पिल्लाला उन्हाळा सोसवण्याचे हे प्रकार आपल्या दारात घडतात. आणि आपण मुलांना काय दाखवतो? ध्रुवीय अस्वलाचे चित्र. अस्वल शिकवू नका असे मी म्हणत नाही. पण ते दुसरे उदाहरण असू द्या, पहिले नको.

बेडकाचे थोडक्यात. मृगाच्या पहिल्या जोराच्या पावसात एका रात्रीत इतके बेडूक येतात कुठून, हा प्रश्न प्रत्येक मूल विचारते. त्यातले काही प्रकार वर्षाचे आठ-नऊ महिने जमिनीत असतात. त्यांच्या मागच्या पायाच्या तळव्यावर खुरप्यासारखा कठीण उंचवटा असतो, त्याने ते पाठमोरे माती उकरत आत जातात. डबके आटायच्या आत अंडी, डिंभ, बेडूक हे सगळे उरकायचे असते. ज्यांचे उरकत नाही त्यांची पुढची पिढी नसते.

‘हे सगळे प्रत्यक्ष घडताना कुणी पाहिले आहे का?’ असा प्रश्न दहावीतली मुले हमखास विचारतात आणि विचारायलाच हवा. पाहिले आहे, मोजले आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे संशोधक जोडपे 1973 पासून वर्षानुवर्षे गालापागोसमधल्या डॅफ्ने मेजर नावाच्या उजाड बेटावर जाऊन फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होते. प्रत्येक पक्ष्याच्या पायात कडे, प्रत्येकाची नोंद. 1977 मध्ये तिथे पाऊस पडलाच नाही. बारीक मऊ बिया संपल्या. उरली ती जमिनीवर पडलेली कठीण, काटेरी फळे. ती कशाची होती ठाऊक आहे? सराट्याच्या भावकीची. आपल्या रानात अनवाणी पायात घुसतो, सायकलच्या चाकात शिरून पंक्चर करतो, त्याच सराट्याच्या वंशातली वनस्पती. ज्यांची चोच जाड, त्यांना ते फळ फोडता आले. ज्यांची बारीक, ते मेले. दर सातांपैकी साधारण सहा पक्षी त्या दुष्काळात गेले. जे वाचले त्यांच्या चोचीची सरासरी जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त भरली, आणि त्यांच्या पिल्लांच्या चोचीही जाडच निघाल्या. कुण्या एका फिंचची चोच वाढली नव्हती. पुढे 1983 मध्ये तिथे धो धो पाऊस झाला, बारीक बियांचे गवत माजले, आणि वारे उलटे फिरले : आता लहान चोचवाल्यांची चलती.

हे शिकवताना मी वर्गात सराट्याचे फळ फिरवायची. 1972चा दुष्काळ ज्यांच्या आजी-आजोबांनी खडी फोडून काढला आहे, त्या मुलांना एका दुष्काळात कोण उरते आणि कोण जाते हे समजावून सांगावे लागत नाही. आणि ‘उत्क्रांती म्हणजे प्रगती’ हा समजही त्या 1983च्या पावसाने आपोआप वाहून जातो. मोठी चोच चांगली की लहान? ते त्या वर्षीच्या पावसाला विचारा.

याच्याच पोटात एक दुःखाची गोष्ट आहे, आणि ती आपल्या जिल्ह्याची आहे. जी घडण कालच्या परिस्थितीत पास झाली, ती आज नापास होऊ शकते. सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला नान्नजचा माळढोक जगापुढे आणला आणि 1979 मध्ये माळढोक अभयारण्य झाले. केवढा देखणा पक्षी, नराचे वजन दहा-बारा किलो, जड असूनही उडणारा. मोकळ्या माळावर त्याची सारी घडण झाली : डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, म्हणजे चहूकडचा शत्रू दिसावा. पाहिलेत, मीही ‘म्हणजे दिसावा’ लिहून गेले, इतकी ही सवय खोल आहे. नीट लिहायचे तर असे : ज्यांना बाजूचे जास्त दिसत होते, ते जास्त टिकले. समोर आडवे काही नसायचेच, त्यामुळे समोरची कमजोर नजर कुणाला महाग पडली नाही. आज समोर विजेच्या तारा आहेत. जड पक्षी, समोरचे नीट दिसत नाही, ऐन वेळी वळता येत नाही. शिवाय मादी एका वेळी साधारण एकच अंडे घालते, तेही जमिनीवर. लाखो वर्षे हा हिशेब जमत होता, आपल्या दोन पिढ्यांत तो बिघडला. नान्नजला आता माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

काळविटाचेही पाहा. ताशी ऐंशी किलोमीटरच्या घरात धावणारा हा प्राणी. त्याच्यामागे धावणारा चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे 1952 मध्ये जाहीर झाले. आपल्या माळावर त्याच्यामागे लांडगा आहे अजून, पण तेवढ्या वेगाचा शत्रू गेला आणि पाय तेच राहिले. इतिहास हाडांत शिल्लक असतो, हे मुलांना दाखवायला आपल्याला जीवाश्मांच्या चित्रांची गरज नाही. गुळवंचीच्या रस्त्याला सकाळी सहाला उभे राहावे.

एक विनंती वृक्षारोपणाबद्दलही करते, कारण ते काम बहुतेक शाळांत विज्ञान शिक्षकांवरच येते. जुलै आला की खड्डे खणायला आपण मुलांना गावाबाहेरच्या माळावर नेतो. कागदोपत्री ती जमीन पडीक असते. त्या पडीक जमिनीवर टिटवी आहे, पखुर्डी आहे, डोंबारी चंडोल आहे, खोकड आहे, आणि या सगळ्यांची घडण सावली नसलेल्या, आडोसा नसलेल्या मोकळ्या जागेत झाली आहे. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या उथळ मुरमाड जमिनीवर गवत उगवणे हा निसर्गाचा आळस नव्हे. तिथे झाडांची रांग लावली की त्यावर कावळा, घार बसायला येते आणि खालची अंडी वरून दिसू लागतात. झाडे जरूर लावा. शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, ओढ्याच्या काठाला, बांधावर लावा, लिंब लावा, चिंच लावा. माळाला माळ राहू द्या.

आता मागणे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना आणि तपासणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे : ‘कोणतीही दोन उदाहरणे’ असे विचारले असेल तर मुलाने स्वतः पाहिलेले, बरोबर स्पष्ट केलेले उदाहरण पूर्ण गुणांचे धरा. खात्री नसेल तर मुलाला बोलावून विचारा, कुठे पाहिलेस? तो जे सांगेल ते ऐकून पुष्कळदा आपल्यालाच नवे काही मिळते. आपल्या केंद्रशाळेच्या शिक्षण परिषदेत एखादा तास तरी आपापल्या गावचे जीव लिहून काढायला द्या. सांगोला, माढा, अक्कलकोट, बार्शी, प्रत्येक तालुक्याची यादी वेगळी होईल. आणि उत्तर तपासताना मुलाने ‘साठी’ किंवा ‘म्हणून’ लिहिले असेल तर गुण कापू नका, पण समासात लिहा : ‘कुणी ठरवले?’ मोठ्या वर्गातली मुले या दोन शब्दांवर विचार करायला लागतात. मी पाहिले आहे.

वेळापत्रकही अवघड नाही. जूनमध्ये पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी बेडूक. दिवाळीच्या आगेमागे कुसळ आणि सराटा. जानेवारीत हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचे रान. मार्च-एप्रिलमध्ये टिटवी, पण तिथे चार-पाच मुलांपेक्षा जास्त नेऊ नका, दुरून पाहा, अंड्यांना हात नको, आणि भर दुपारी तर तिला उठवूच नका. पाच मिनिटे ती उठली तरी अंडी तापतात.

त्या मेंढपाळाच्या मुलाचे पुढे काय झाले, ते मला ठाऊक नाही. दहावीला तो बसला नाही. त्याने विचारलेला प्रश्न मात्र मी पुढे दर वर्षी वर्गात विचारत राहिले.

नातीला मी सांगितले की तुझे उत्तर बरोबर आहे. तिने पेपर माझ्याकडेच ठेवायला दिला. तो माझ्या कपाटात, कुसळांच्या डब्याशेजारी आहे. हा डबा मी दर वर्षी भरते. प्रयोगासाठी कुणाला कुसळे हवी असतील तर निरोप द्या, मी देईन. फक्त येताना रिकामी काडेपेटी घेऊन या. कापडी पिशवीत टाकलीत तर घरी जाईपर्यंत सगळी कापडात रुतलेली असतील.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
उत्तर सोलापूर